पऱ्हाटीपासून फरफ्युरल: घन आम्ल उत्प्रेरकांच्या प्रकल्प नोंदी

6 जानेवारी 2025

परभणी जिल्ह्यातील मानवत परिसरातून पऱ्हाटीची, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या काड्यांची, पहिली खेप प्रयोगशाळेत आली. कोणता शेतकचरा वापरावा याबद्दल विभागात बरीच चर्चा झाली होती, आणि त्यामागची कारणे येथे नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते. ज्वारीचा कडबा हे मराठवाड्यातील जनावरांचे खाद्य आहे आणि दुष्काळी वर्षात त्याची पेंढी मिळणेही कठीण होते, म्हणून रसायने बनवण्यासाठी कडब्याकडे पाहणे मला मान्य नाही. उसाचे चिपाड साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाते आणि त्यावर सहवीजनिर्मिती चालते. तुराटी चुलीला, कुडाला आणि छपराला लागते. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांत हेमिसेल्युलोज (वनस्पतीच्या पेशीभित्तीतील बहुशर्करा) भरपूर असते आणि सिल्लोड-भोकरदन भागात ती मिळतातही, परंतु आमच्या परिसरात शेताच्या बांधावर जी सर्वाधिक जळते ती पऱ्हाटीच होय. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने केलेल्या नुकसानीनंतर फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर घेतलेले वाढीव पीक) न घेता पऱ्हाटी वेळेत उपटून शेत मोकळे करण्याचा सल्ला दरवर्षी दिला जातो. उपटलेली पऱ्हाटी नंतर कुठे जाते, हा प्रश्न मात्र शेतकऱ्यावरच सोडला जातो.

प्रकल्पाचा हेतू असा: पऱ्हाटीतील हेमिसेल्युलोजचे रूपांतर घन आम्ल उत्प्रेरकाच्या (पाण्यात न विरघळता आम्लाचे काम करून प्रक्रिया वेगवान करणाऱ्या पदार्थाच्या) साहाय्याने फरफ्युरल या औद्योगिक रसायनामध्ये करणे, आणि तो उत्प्रेरक खऱ्या शेतकचऱ्याबरोबर किती वेळा टिकतो हे प्रामाणिकपणे तपासणे. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. शुद्ध साखरेवर उत्तम चालणारे उत्प्रेरक पुष्कळ आहेत, पण मातीतून आलेल्या काडीबरोबर ते कसे वागतात यावरच या कामाची उपयुक्तता ठरते.

13 जानेवारी

गणित आधी मांडले. हेमिसेल्युलोजमधील झायलान या बहुशर्करेच्या एका घटकाचे रेणुभार 132. तो पाण्याचा एक रेणू घेऊन झायलोज ही पाच कार्बनची साखर होतो (रेणुभार 150), आणि झायलोजमधून पाण्याचे तीन रेणू निघून गेले की फरफ्युरल उरते (रेणुभार 96). म्हणजे 100 ग्रॅम झायलानपासून जास्तीत जास्त 73 ग्रॅम फरफ्युरल मिळू शकते. पऱ्हाटीच्या कोरड्या वजनात झायलान साधारण एक पंचमांश धरले, तर 100 किलो पऱ्हाटीतून सैद्धांतिक मर्यादा साडेचौदा किलोंच्या आसपास येते. कारखान्यांत प्रत्यक्षात सैद्धांतिक मर्यादेच्या निम्मेच हाती लागते, म्हणून सात किलो हे वास्तवाला धरून असलेले उद्दिष्ट मानले आहे.

या उद्योगाचा आरंभ 1920 च्या दशकात अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. क्वेकर ओट्स कंपनीकडे ओटच्या टरफलांचे ढीग पडून होते आणि त्यांवर गंधकाम्ल व वाफ वापरून तिने फरफ्युरल बनवण्यास सुरुवात केली. आज जगातील बहुतेक फरफ्युरल चीनमध्ये मक्याच्या कणसांपासून तयार होते. त्याचा मोठा भाग फरफ्युरिल अल्कोहोल बनवण्यात जातो, आणि त्यापासून होणारी फ्युरान रेझिन ओतकामाच्या साच्यांतील वाळू घट्ट बांधण्यासाठी लागते. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या केंद्राला हा माल हवाच असतो, त्यामुळे बाजार दूर आहे असे म्हणता येणार नाही.

द्रव गंधकाम्लाचा दोष सर्वांना माहीत आहे: ते उपकरणे खाते, उरलेल्या काडीत मिसळून राहते, आणि चुन्याने उदासीन केले की जिप्समचा चिखल मागे ठेवते. घन उत्प्रेरक गाळून परत घेता येतो, ही त्याची सगळी बढाई आहे. ती खरी आहे का, हेच पाहायचे आहे.

20 जानेवारी

उत्प्रेरकांची निवड केली.

पहिला एच-झेडएसएम-5 हा झिओलाइट (सूक्ष्म छिद्रे असलेला स्फटिकी पदार्थ), ज्यात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचे प्रमाण सुमारे 15 आहे. त्याच्या छिद्रांचा व्यास 0.55 नॅनोमीटरच्या आसपास असतो. दाबाखाली उत्कलनबिंदूपेक्षा जास्त तापवलेल्या द्रव पाण्यात सगळे झिओलाइट टिकत नाहीत. वाय प्रकारच्या झिओलाइटची स्फटिकरचना 150 ते 200 अंश सेल्सियस तापमानाच्या द्रव पाण्यात काही तासांत ढासळते, तर झेडएसएम-5 ची रचना त्याच परिस्थितीत टिकून राहते. निवडीचे मुख्य कारण तेच आहे.

दुसरा नायोबिक आम्ल, म्हणजे जलयुक्त नायोबियम ऑक्साइड, जो पाण्यातही आपली आम्लता बऱ्यापैकी राखतो. त्याच्यात प्रोटॉन (आम्लता देणारे हायड्रोजन आयन) देणाऱ्या ब्रॉन्स्टेड जागा आणि इलेक्ट्रॉनयुग्म स्वीकारणाऱ्या लुईस जागा अशा दोन्ही असतात. लुईस जागेवर झायलोजचे झायल्युलोज या तशाच दुसऱ्या साखरेत रूपांतर होते आणि झायल्युलोजमधून पाणी अधिक सहज निघते, म्हणून दोन्ही जागा एकत्र असणे येथे फायद्याचे ठरते.

तिसरा आम्ही येथेच बनवणार आहोत. 2005 मध्ये जपानमध्ये मिचिकाझू हारा यांच्या गटाने साखर अर्धवट जाळून, त्या कार्बनवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून बनवलेला घन आम्ल उत्प्रेरक प्रसिद्ध केला. त्याच धर्तीवर पऱ्हाटीचाच कोळसा कमी हवेत 400 अंशांवर करून तो तीव्र गंधकाम्लात 150 अंशांवर ठेवायचा आणि नंतर गरम पाण्याने धुवायचा. धुतलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकल्यावर पांढरा गढूळपणा येणे थांबेपर्यंत धुणे थांबवता येत नाही, कारण तेथे आळस केला तर पुढची सगळी निरीक्षणे उरलेल्या गंधकाम्लाची ठरतील.

अँबरलिस्ट-15 हे रेझिन केवळ तुलनेसाठी ठेवले आहे. त्याची आम्ल क्षमता दर ग्रॅमला 4.7 मिलिसममूल्य इतकी मोठी आहे, पण 120 अंशांच्या वर ते वापरता येत नाही. सल्फेटयुक्त झिर्कोनिया यादीतून काढला, कारण त्याचा सल्फेट पाण्यात उतरतो.

28 जानेवारी

टेफ्लॉनचे अस्तर असलेले पोलादी ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवण्याचे बंद पात्र) तपासून घेतले. 170 अंशांवर पाण्याच्या वाफेचा निरपेक्ष दाब 7.9 बार असतो आणि 180 वर 10 बार होतो, म्हणून पात्र दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचे नाही, हा नियम भिंतीवर लावला. फरफ्युरल त्वचेतून शरीरात शिरते, त्यामुळे हातमोज्यांशिवाय कोणीही नमुना हाताळणार नाही.

5 फेब्रुवारी

उत्प्रेरक न घालता केवळ पाणी आणि दळलेली पऱ्हाटी घेऊन 170 अंशांवर प्रयोग केला. अनेक अहवालांत ही कोरी चाचणी एका ओळीत उरकलेली असते; माझ्या मते ती या विषयाची किल्ली आहे. झायलानच्या साखळीवर ॲसिटिल गट लटकलेले असतात. तापलेल्या पाण्यात ते सुटतात, त्यांचे ॲसिटिक आम्ल होते, आणि तेच आम्ल पुढे साखळी तोडू लागते. बाहेर काढलेल्या द्रवाचा सामू चारच्या जवळ आला होता. ॲनिलीन ॲसिटेटच्या कागदावर थेंब टाकताच गुलाबी-लाल रंग उमटला, म्हणजे उत्प्रेरकाशिवायही थोडे फरफ्युरल तयार झाले होते. यापुढे कोणत्याही उत्प्रेरकाचे श्रेय मोजताना हा आकडा आधी वजा करायचा.

मोजमापाची पद्धतही आज ठरली. फरफ्युरल 277 नॅनोमीटरला प्रकाश शोषते, परंतु सेल्युलोजपासून होणारे हायड्रॉक्सिमिथिल फरफ्युरल 284 ला शोषते आणि लिग्निनचे (काडीला कठीणपणा देणाऱ्या घटकाचे) फिनॉली तुकडेही 280 च्या आसपासच असतात. पऱ्हाटीचा अर्क सरळ स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवला तर तिघांची बेरीज फरफ्युरल म्हणून वाचली जाते. फरफ्युरल वाफेबरोबर वर येते आणि हायड्रॉक्सिमिथिल फरफ्युरल खाली राहते, म्हणून आधी ऊर्ध्वपातन करून नंतर मोजायचे. महत्त्वाचे नमुने विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) पडताळायचे.

12 फेब्रुवारी

शुद्ध झायलोजवर तिन्ही उत्प्रेरकांनी अपेक्षेप्रमाणे काम केले. पऱ्हाटीच्या कोळशापासून बनवलेल्या कार्बन उत्प्रेरकाचा वेग सर्वांत जास्त, त्यामागे झिओलाइट, मग नायोबिक आम्ल. वेळ वाढवला की फरफ्युरल वाढायचे थांबते आणि द्रव तपकिरी होऊ लागतो, कारण तयार झालेले फरफ्युरल उरलेल्या साखरेशी आणि मधल्या पदार्थांशी जुळून ह्युमिन नावाचा काळा अविद्राव्य पदार्थ बनतो. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

17 फेब्रुवारी

झायलोजऐवजी न धुतलेली पऱ्हाटी घेतली आणि चित्र बदलले. कार्बन उत्प्रेरकाने पहिल्या वापरात फारच चांगले फरफ्युरल दिले, इतके की शंका यावी. दुसऱ्या वापरात तोच उत्प्रेरक कोऱ्या चाचणीच्या थोडाच वर राहिला. झिओलाइटचेही तसेच झाले, फक्त घसरण किंचित सौम्य होती.

उत्प्रेरक घन आहे आणि काडीही घन आहे. काडीच्या पेशीभित्तीत अडकलेले झायलान झिओलाइटच्या 0.55 नॅनोमीटरच्या छिद्रात जाऊन तुटेल, असे कोणी म्हणू शकत नाही. आधी तापलेले पाणी आणि ॲसिटिक आम्ल झायलानचे तुकडे द्रवात आणतात, आणि उत्प्रेरकाला त्यानंतरच काम मिळते. मग काडीबरोबर पहिल्याच वापरात एवढा वेग कोठून आला?

संशयाची दिशा राखेकडे जाते. पऱ्हाटीच्या राखेत पोटॅशियम आणि कॅल्शियम भरपूर असते. आमच्या झिओलाइटच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 1 मिलिमोल प्रोटॉन आहेत आणि 1 मिलिमोल पोटॅशियमचे वजन 39 मिलिग्रॅम होते. पऱ्हाटीत पोटॅशियम एक टक्का धरले, तर केवळ चार ग्रॅम काडी एक ग्रॅम झिओलाइटचे सर्व प्रोटॉन बाहेर काढण्याइतके पोटॅशियम घेऊन येते. आम्ही एका वेळी याहून जास्त काडी घालत आहोत. पोटॅशियम आत जाते, प्रोटॉन पाण्यात येतो, आणि पाण्यात आलेला प्रोटॉन साध्या द्रव आम्लासारखा काडीच्या आतपर्यंत पोहोचून काम करतो. पहिल्या वापरात दिसलेला वेग घन उत्प्रेरकाचा नसून त्याने सोडून दिलेल्या आम्लाचा असावा, असा माझा तर्क आहे.

24 फेब्रुवारी

तर्क तपासण्यासाठी अगदी साधी चाचणी केली. प्रत्येक उत्प्रेरकाचा एक भाग ऊर्ध्वपातित पाण्यात आणि दुसरा भाग पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात खोलीच्या तापमानाला ढवळत ठेवला, मग दोन्ही गाळून सामू पाहिला. नुसत्या पाण्यात सामू फारसा खाली आला नाही. क्षाराच्या द्रावणात झिओलाइट आणि कार्बन या दोघांनीही तो ठळकपणे खाली आणला, आणि अँबरलिस्टने सर्वांत जास्त. नायोबिक आम्लावर परिणाम कमी होता.

पुढे पोटॅशियमने पूर्ण भरलेला झिओलाइट झायलोजबरोबर तापवला, तेव्हा तो कोऱ्या चाचणीपेक्षा फारसा वेगळा वागला नाही. अमोनियम नायट्रेटच्या द्रावणाने पोटॅशियम बाहेर काढून 550 अंशांवर भाजल्यावर अमोनिया उडून गेला आणि उत्प्रेरक पुन्हा कामाला लागला. रचना शाबूत होती, फक्त प्रोटॉन गेले होते.

पुढील वाचकासाठी एक सूचना. क्लोराइड आयन स्वतःही झायलोजचे निर्जलीकरण वेगवान करतो, त्यामुळे वेग मोजण्याच्या प्रयोगात पोटॅशियम क्लोराइड वापरल्यास दोन कारणांची सरमिसळ होते. सल्फेट वापरावा तर तो प्रोटॉन धरून ठेवतो. म्हणून आयन-विनिमय (पोटॅशियम आत, प्रोटॉन बाहेर) खोलीच्या तापमानाला वेगळा मोजावा आणि वेग खऱ्या काडीच्या अर्कातच मोजावा.

3 मार्च

गरम गाळणीची चाचणी केली. प्रक्रिया अर्ध्यावर थांबवून उत्प्रेरक काढून टाकायचा आणि उरलेला द्रव तसाच पुढे तापवायचा. फरफ्युरल पूर्वीच्याच वेगाने वाढत राहिले तर काम द्रवात उतरलेले आम्ल करत होते, आणि वाढ कोऱ्या चाचणीच्या पातळीला आली तर काम पृष्ठभागावर होत होते. आमच्या ऑटोक्लेव्हमधून 170 अंशांवर गाळता येत नाही. पात्र थंड पाण्यात बुडवून, शक्य तितक्या गरम अवस्थेत गाळले. थंड होताना काही प्रोटॉन परत पृष्ठभागावर जाऊ शकतात, त्यामुळे ही चाचणी द्रव आम्लाचा वाटा कमी दाखवू शकते, जास्त नाही. तरीही न धुतलेल्या पऱ्हाटीच्या बाबतीत कार्बन उत्प्रेरक काढल्यानंतर द्रव जवळपास त्याच वेगाने फरफ्युरल देत राहिला.

अहवालात याला घन उत्प्रेरण म्हणता येणार नाही. संशोधक विद्यार्थिनीने सुचवले की यापुढे ‘पहिल्या वापरातील उत्पन्न’ हा आकडा एकटा कोठेही लिहू नये, त्याच्या शेजारी गरम गाळणीचा आकडा असलाच पाहिजे. सूचना लगेच स्वीकारली.

11 मार्च

पोटॅशियम पाण्यात सहज विरघळते, म्हणून काडी धुणे हा उघड उपाय आहे. परंतु हे परभणी आहे. एप्रिल-मेमध्ये गावोगावी टँकरची वाट पाहिली जाते, आणि किलोभर काडीला दहा लिटर पाणी लागणारी कोणतीही प्रक्रिया येथे मांडण्याचा मला अधिकार नाही. म्हणून पाणी उलट्या क्रमाने फिरवून पाहिले: ताजे पाणी केवळ शेवटच्या धुण्याला, त्याच पाण्याने पुढच्या तुकडीचे मधले धुणे, आणि त्यानेच त्यापुढच्या तुकडीचे पहिले. बाहेर पडणाऱ्या पाण्यात पोटॅशियम एकवटते आणि ते पाणी शेतात सोडता येते. माती परीक्षण प्रयोगशाळेतील फ्लेम फोटोमीटरवर तपासल्यावर काडीतील पोटॅशियमचा बहुतांश भाग थंड पाण्यानेच निघाल्याचे दिसले. कॅल्शियम मात्र बरेचसे काडीतच राहिले.

याच संदर्भात मानवतच्या एका शेतकऱ्याने गेल्या हंगामातील, बांधावर रचून ठेवलेली आणि एक पावसाळा झेललेली पऱ्हाटी आणून दिली. तिच्यात पोटॅशियम ताज्या काडीपेक्षा खूपच कमी होते, कारण पावसाने ते फुकट धुऊन नेले होते. पाणी वाचवण्याचा हा मार्ग मोहात पाडणारा आहे, आणि दोन कारणांनी तो मला पटत नाही. ओल्या ढिगात बुरशी लागते आणि ती ज्या भागावर ताव मारते त्यात हेमिसेल्युलोजही आहे. त्याहून गंभीर म्हणजे, न उमललेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते. बोंडांसकट पऱ्हाटी शेताजवळ साठवून ठेवा असे सांगणारा प्रकल्प शेतकऱ्याचे पुढचे पीक धोक्यात घालेल. साठवायचीच असेल तर बोंडे वेगळी काढून नष्ट करावीत आणि काडीचे श्रेडरने बारीक तुकडे करूनच ठेवावी. हे वाक्य अंतिम अहवालाच्या पहिल्या पानावर जाईल.

19 मार्च

धुतलेल्या पऱ्हाटीवर झिओलाइटची घसरण पुष्कळ मंदावली. गरम गाळणीनंतर द्रवाचा वेगही आता कोऱ्या चाचणीच्या जवळ येतो. क्ष-किरण विवर्तनात झेडएसएम-5 च्या रेषा जागच्या जागी आहेत, म्हणजे स्फटिकरचना शाबूत आहे. उरलेली घसरण ह्युमिनच्या थरामुळे आहे आणि तो 550 अंशांवर हवेत जाळून काढता येतो. कार्बन उत्प्रेरकाला ही सोय नाही. थर जाळायला गेले तर उत्प्रेरकच जळेल. पऱ्हाटीपासून पऱ्हाटीसाठी उत्प्रेरक ही कल्पना मला मनापासून आवडली होती, पण तिला येथे थांबवतो.

28 मार्च

ह्युमिन कमी करण्यासाठी वर टोल्युइन या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकाचा थर ठेवला. फरफ्युरल तयार होताच वर जाते आणि साखरेपासून सुटते. सुधारणा स्पष्ट दिसली. अनेक शोधनिबंधांत पाण्यात मीठ घालून फरफ्युरल आणखी वर ढकलण्याची युक्ती असते. घन आम्लाबरोबर ती वापरू नये, असे ठामपणे नोंदवतो: मिठातील सोडियम तेच करतो जे काडीतील पोटॅशियम करते, आणि पात्रात नकळत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. उत्पन्न वाढलेले दिसते, पोलाद गंजते, उत्प्रेरक रिकामा होतो.

9 एप्रिल

दुपारी प्रयोगशाळेत उकाडा असह्य होतो, म्हणून तापवण्याची कामे पहाटे घेतली आहेत.

आजपासून प्रक्रिया दोन टप्प्यांत विभागली. पहिल्या टप्प्यात धुतलेली काडी आणि तापलेले पाणी एवढेच, उत्प्रेरक नाही. झायलानचे तुकडे, झायलोज आणि ॲसिटिक आम्ल द्रवात येतात, घन काडी गाळून वेगळी होते. दुसऱ्या टप्प्यात हा स्वच्छ द्रव झिओलाइटच्या थरातून न्यायचा. काडी आणि उत्प्रेरक कधीच एकत्र येत नसल्यामुळे गाळताना दोन घन पदार्थ वेगळे करण्याचा जुना त्रास संपतो, आणि उरलेली काडी उत्प्रेरकाच्या भेसळीविना मिळते. तिच्यातील सेल्युलोजलाही भविष्य आहे. 2006 मध्ये होक्काइदो विद्यापीठात आत्सुशी फुकुओका आणि परेश ढेपे यांनी प्लॅटिनमसारखे धातू आधारावर बसवलेले घन उत्प्रेरक व हायड्रोजन वापरून सेल्युलोजपासून सॉर्बिटॉल मिळवले होते. ते काम आमच्या कुवतीबाहेरचे आहे, पण स्वच्छ सेल्युलोज देणारी पहिली पायरी आमच्या आवाक्यात आहे.

नायोबिक आम्लही या टप्प्यावर पुन्हा घेतले. वेग कमी असला तरी क्षारांपुढे ते अधिक शांत राहते, आणि सतत चालणाऱ्या थरात वेगापेक्षा स्थैर्याला मी जास्त किंमत देतो.

21 एप्रिल

दुसऱ्या टप्प्यातून निघणाऱ्या द्रवाचे ऊर्ध्वपातन करून पाहिले. फरफ्युरल आणि पाणी यांचे स्थिरक्वाथी मिश्रण (ठरावीक प्रमाणात एकत्रच उकळणारे) 97.85 अंशांवर येते आणि त्यात वजनाने सुमारे 35 टक्के फरफ्युरल असते. थंड झाल्यावर खोलीच्या तापमानाला पाणी केवळ आठ टक्क्यांच्या आसपास फरफ्युरल धरून ठेवू शकते, म्हणून दोन थर आपोआप वेगळे होतात आणि जड फरफ्युरल तळाशी बसते. वरचे पाणी परत ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात आणि स्तंभाच्या तळाचे पाणी काडी धुण्यासाठी परत घ्यायचे, असा आराखडा काढला. त्या पाण्यात ॲसिटिक आम्ल असल्यामुळे थंड पाण्याला न निघालेले थोडे कॅल्शियमही त्याने सुटेल, अशी अपेक्षा आहे. ते तपासायचे आहे.

पुढील आठवड्यात सेलू भागातील पऱ्हाटी आणून हाच क्रम चालवायचा. माती बदलली की राख बदलते, त्यामुळे काडी ओव्हनमध्ये ठेवण्याआधी तिचे पोटॅशियम आणि कॅल्शियम मोजून आकडे नोंदवहीत लिहावेत, आणि झिओलाइटच्या थराचे वजन त्या आकड्यांवरून ठरवावे.